विंझरच्या खळ्यावरची ऊब

मी गॅसवर चालणारा, उघड्यावर उभा करावयाचा हीटर बोलतो आहे. माझी उंची सात फूट. पायाशी एक गोल डबा आहे. त्यात सिलिंडर बसतो. डब्यातून पोलादी खांब वर जातो, खांबाच्या टोकाला जाळीचा पिंजरा आहे आणि पिंजऱ्यावर पसरट छत्री. पिंजरा तापून लाल झाला, की छत्री ती उष्णता खाली बसलेल्या माणसांकडे वळवते. पाऊस अडवता येत नाही तर ही छत्री कशाला, असे मला पाहणारा प्रत्येक जण एकदा तरी विचारतो. त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले, म्हणजे पुढे खोळंबा होणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझ्यासारखे आणखी चाळीस जण जन्मले आणि आम्हां सर्वांच्या अंगावर एकच चिठ्ठी चिकटवण्यात आली : ‘फक्त उघड्यावर वापरा.’ या तीन शब्दांत माझे भवितव्य लिहिलेले होते. घर आतून कसे असते, हे मला कधीही पाहावयास मिळणार नव्हते. कदाचित म्हणूनच माणसांविषयीचे माझे कुतूहल कधी शमले नाही. दाराबाहेर उभा असलेला जितके निरखतो, तितके दाराआडचा निरखत नाही.

माझी पहिली नोकरी शिवऱ्याला, महामार्गालगतच्या एका हॉटेलात होती. तेथल्या हिरवळीवर मी तीन हिवाळे काढले. माणसे माझ्यापाशी येत, प्रथम तळहात पुढे करीत, मग पाठ करीत. पाठ शेकून झाली, की त्यांना माझी आठवण उरत नसे. एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी आपला कोट माझ्या खांबाला अडकवला आणि जेवण झाल्यावर ‘फुकट इस्त्री झाली’ असे सांगत ते मांडवभर फिरले. पुष्कळांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढले. परंतु माझ्यात काय जळते, धूर होतो की नाही, याची चौकशी एकानेही केली नाही. उबेचीही चौकशी करावयाची असते, हे तोपर्यंत मलाच ठाऊक नव्हते.

पुढे ते हॉटेल बंद पडले. खुर्च्या, कढया, दिव्यांच्या माळा आणि मी, असा सगळा संसार जगनने उचलला. जगन मूळचा भोरचा. बंद पडलेल्या हॉटेलांचे आणि मंगल कार्यालयांचे सामान विकत घ्यावयाचे, दुरुस्त करावयाचे आणि शिवऱ्याच्या रस्त्याकडेला मांडून विकावयाचे, हा त्याचा व्यवसाय. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी एक उन्हाळा आणि एक पावसाळा उभा होतो. माझ्या पिंजऱ्यात एका कोळ्याने घर केले होते. मला त्याचाही सहवास चालला असता. पण तो फारच अबोल निघाला.

मार्गशीर्षातील एका दुपारी शेडसमोर टेम्पो थांबला. त्यातून एक जोडपे उतरले. सोमनाथ टेम्पोचा चालक व मालक. त्याची पत्नी मंगल. दोघे विंझरहून आले होते.

“या वैनी, या,” जगन उठून म्हणाला. “लग्नाचं हाय का काय? खुर्च्या हायेत, मांडव हाय.”

“लग्न न्हाई,” मंगल म्हणाली. “सासऱ्यांना ऊब पायजे. खळ्यावर, उघड्यावर बसायला.”

“आता थंडीचं उघड्यावर कशाला? घरात बसवा की!”

“घरातच बसलेत, म्हणून तर आलोय.”

जगन हसावयाचा थांबला. मीही कान टवकारले. म्हणजे, माझ्याजवळ जे काही असेल ते.

तिचे सासरे कुंडलिकराव. त्यांनी चौतीस वर्षे एसटी चालवली; त्यांतली निम्मी वर्षे भोरहून महाडकडे, वरंधा घाटातून. निवृत्त झाल्यावर घरापुढच्या खळ्यावर, म्हणजे भात झोडण्यासाठी सारवलेल्या मोकळ्या जागेवर, ते रोज सायंकाळी शेकोटी पेटवीत. दहाबारा माणसे जमत आणि कुंडलिकराव बोलत. गेल्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली. नसरापूरच्या डॉक्टरांनी सांगितले, की धूरही नको आणि गार वाराही नको. तेव्हापासून शेकोटी बंद झाली. कुंडलिकराव खिडकीच्या आत बसू लागले. आधी माणसे यावयाची थांबली, मग त्यांचे बोलणे थांबले.

“दिसाला धा शब्द बोलत न्हाईत आता,” मंगल म्हणाली. “वरव्याहून लग्न होऊन आले, तवा ह्या गावात मला कोण वळखीचं न्हवतं. आबांच्या शेकोटीपाशी बसून बसून सगळं गाव वळखीचं झालं. आता त्येच घरात वळख नसल्यासारखे बसत्यात. बघवत न्हाई.”

जगनने तीन गोष्टी पुढे मांडल्या : जाळ करावयाचे तीन पायांचे लोखंडी घमेले, लाल दांड्यांचा विजेचा हीटर आणि मी. तेव्हा मंगलने पिशवीतून स्टीलची एक ताटली काढली.

“ही कशाला?” जगनने विचारले.

“काजळ धरती का बघायचंय.”

“वैनी, हीटर घ्यायला आलाय का बाळाच्या डोळ्यांत काजळ घालायला?”

“जे आबांच्या छातीत जायचं, ते आधी ताटलीवर दिसंल,” ती शांतपणे म्हणाली.

घमेल्यात चार ढलप्या पेटवल्या. ताटली क्षणात काळवंडली. घमेले बाद झाले. विजेच्या हीटरवर ताटली स्वच्छ राहिली आणि सोमनाथचा चेहरा खुलला.

“हाच घेऊ. हलका हाय, उचलायला बरा.”

“लाईट गेल्यावर?” मंगलने जगनला विचारले.

“लाईट गेल्यावर बंद.”

“मग त्यो आमच्या येल्ह्याकडं न्यायचा कशाला? तिकडं लाईट सारखी जाती. अन् खळ्यावर दव पडतं. वल्या जमिनीवर वायर लोळणार आणि आमच्या आत्याबाई अनवाणी फिरणार. नको.”

आता माझी पाळी होती. जगनने कळ दाबून फिरवली. कोळ्याचे घर तत्पूर्वीच झाडून टाकले होते. मी ‘भक्’ असा आवाज करून पेटलो. मंगलने स्टुलावर चढून ताटली पिंजऱ्याच्या वर धरली, खाली उतरली, ताटलीच्या पाठीवरून पदराचे टोक फिरवले आणि ते उन्हाकडे धरून पाहिले. पदर स्वच्छ तो स्वच्छच राहिला. एवढा अभिमान मला तिन्ही हिवाळ्यांत वाटला नव्हता.

तिची परीक्षा तेथे संपली नाही. मला रस्त्याच्या कडेला नेऊन उभे केले गेले, कारण मालमोटारी जाताना झोत उठतो आणि तिला वाऱ्याची खात्री करावयाची होती. माझी ज्योत वाकली, विझली नाही. मग ती माझ्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे सरकत गेली आणि सहाव्या पावलावर थांबली.

“हितवर लागतंय. पुढं न्हाई.”

“सहा पावलांत धा माणसं बसतील,” जगन म्हणाला. “असं करा, आठ दिवस घेऊन जा. आबा खळ्यावर बसले तर ठेवा. न्हाई बसले, तर परत आणा. ते बसल्याबिगर म्या इकला म्हणणार न्हाई.”

आजवर माझा विचार उंचीवरून आणि वजनावरून झाला होता. एका माणसाच्या बसण्यावर माझे राहणे अवलंबून असावे, हे नवीनच होते. टेम्पोत आडवा पडून नसरापूरमार्गे विंझरला जाताना मी सारा वेळ त्या न पाहिलेल्या माणसाचा विचार करीत होतो.

विंझरला माझे स्वागत अंबूबाईंनी केले. अंबूबाई, म्हणजेच मंगलच्या त्या आत्याबाई, कुंडलिकरावांच्या थोरल्या भगिनी. जिभेने तिखट, मनाने घट्ट आणि रीतीभातीच्या बाबतीत कोणाचेही न ऐकणाऱ्या.

“नवी वस्तू हाय. अशीच पेटवता व्हय?” त्या म्हणाल्या. “हळद-कुंकू आणा, नारळ आणा. सोमनाथ, वाकव त्याला. ह्याचं कपाळ कुठं आलं?”

सोमनाथने मला तिरके धरले. अंबूबाईंनी मला खालून वर न्याहाळले. पिंजऱ्याच्या किंचित खाली एक लहानसे वाटोळे भोक आहे.

“हे बघ, जागाच ठेवलीया!” त्या म्हणाल्या आणि ओल्या कुंकवाने भरलेला अंगठा त्यांनी तेथे चांगला दाबून फिरवला.

ते भोक म्हणजे माझा प्राण. तेथे प्रथम एक बारीक ज्योत धरते आणि तिच्यावरून सगळा पिंजरा पेट घेतो. परंतु हे मी सांगणार कसे? पायाशी नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले, माझ्या खांबाला झेंडूची माळ बांधली गेली. इतक्या मानाने मला आजवर कोणीही निकामी केले नव्हते.

सायंकाळी बातमी ऐकून आठदहा माणसे जमली. सोमनाथने कळ फिरवली. खट्. पुन्हा फिरवली. खट्, खट्, खट्. शेजारचे हनुमंत, कुंडलिकरावांचे जुने स्नेही, पुढे सरसावून म्हणाले, “सोमनाथ, लाजलंय ते. जरा पाट देऊन बसव, चहा-पाणी इचार.”

सगळे हसले. सोमनाथने काडी ओढून पाहिली, सिलिंडर हलवून पाहिला. मी पेटलो नाही. खिडकीच्या आत मफलर गुंडाळलेला एक चेहरा मला दिसला. तो बराच वेळ पाहत होता. मग एक झडप ओढली गेली. थोड्या वेळाने दुसरी.

“पायगुण बरा न्हाई ह्येचा,” अंबूबाईंनी निकाल दिला.

पुढचे चार दिवस मी अंगावर गोणपाट घेऊन गोठ्याच्या भिंतीशी उभा होतो. एक कोंबडी माझ्या डब्यावर बसू लागली. गोणपाटाच्या विणीतून मला खिडकी दिसे आणि खिडकीत कुंडलिकराव. रस्त्याने एसटी गेली, की ते मान वळवून तिच्या मागच्या चाकांपर्यंत पाहत आणि पुन्हा समोर पाहू लागत. ज्याच्यासाठी आपण आलो आणि ज्याच्या उपयोगी पडलो नाही, त्याच्याकडे असे पाहत राहणे मोठे अवघड असते.

पाचव्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, सोमनाथचे चार फोन गेल्यावर जगन मोटारसायकलवरून आला. त्याने मला आडवे केले, एक बारीक तार त्या भोकात घातली, बाहेर काढली, निरखली आणि हुंगली.

“आत्याबाई, ह्याला कुंकू कुणी लावलं?”

“म्या. का?”

“कपाळाला न्हाई लावलंत, नाकात घातलंत!”

“मग नाक कुठं अन् कपाळ कुठं, हे इकणाऱ्यानं सांगायला नको का?” अंबूबाई क्षणभरही न गडबडता म्हणाल्या. जगनने हात जोडले.

नाक मोकळे झाले आणि मी पेटलो. निघताना जगन मंगलला म्हणाला, “वैनी, भोरच्या एका लॉनवाल्यानं सोमवारी मागितलाय ह्याला. रविवारी सांजंपतूर काय ते कळवा. आबा बसले तर तुमचा, न्हाई तर त्याचा.”

म्हणजे माझ्याजवळ तीन सायंकाळी उरल्या होत्या.

त्या सायंकाळी मला खळ्याच्या मधोमध उभे केले. तोरण्याच्या बाजूने वारा सुटला होता. माझी ज्योत सारखी मान टाकत होती. एवढ्यात खिडकीतून आवाज आला.

“मधी नका ठिवू! घराच्या कोपऱ्याला घ्या. वारा खालनं वळसा घालतोय.”

कुंडलिकरावांचा आवाज मी प्रथमच ऐकला. सोमनाथने मला कोपऱ्याशी, भिंतीपासून पुरेसे अंतर राखून उभे केले आणि माझी ज्योत स्थिर झाली. मंगलने दारातून पाहिले. काही वेळाने स्वेटर आणि मफलर घालून कुंडलिकराव स्वतः बाहेर आले.

माणसे माझ्याभोवती गोल बसली. मी मनापासून तापलो. कुंडलिकरावांच्या गुडघ्यांना माझी ऊब पोहोचत होती, हे मला त्यांच्या पसरलेल्या बोटांवरून कळत होते. धूर नव्हता, वारा अडला होता. तरीही काहीतरी बिनसले होते. सगळे जण कुंडलिकरावांकडे पाहत होते.

“आता बरं वाटतंय का, आबा?”

“छातीला लागतंय का ऊन ऊन?”

“बोला की काहीतरी, डायवर!” हनुमंत म्हणाले.

कुंडलिकरावांनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिले, घसा खाकरला आणि ते जमिनीकडे पाहू लागले. पाव तासाने ते उठले.

मंगलला वाटले, ऊब कमी पडली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिने माझी कळ शेवटच्या खुणेपर्यंत फिरवली. हनुमंतांनी तर टोपी काढून वारा घेतला. कुंडलिकराव आले, बसले आणि त्यांना खोकला आला. लहानसाच होता; पण सहा माना एकदम वळल्या.

“पाणी आणू का?”

“आत न्या त्यांना, आत न्या.”

“औषधाचा पंप कुठाय? पंप आणा गं!”

“बसा तुमी,” कुंडलिकराव म्हणाले. “मला झोप येतीया.”

सायंकाळचे सात वाजले होते. ते आत गेले आणि दार लागले.

“जमत न्हाई ह्यो,” सोमनाथ म्हणाला. “सोमवारी सकाळी टेम्पोत घालतो.”

मला मोठा अचंबा वाटत होता. मी सर्व परीक्षांत उत्तीर्ण झालो होतो. ताटली स्वच्छ राहिली, वाऱ्याने हरवले नाही, सहा पावलांपर्यंत ऊब पोहोचली. मग जुन्या, डोळ्यांत धूर घालणाऱ्या, पाठ गार ठेवून तोंड भाजणाऱ्या त्या शेकोटीत असे काय होते, की जे माझ्यात नव्हते?

त्याचे उत्तर हनुमंतांनी नकळत दिले. घोंगडी झटकत ते मंगलला म्हणाले, “खरं सांगू का, सूनबाई? शेकोटी हुती, तवा जाळाकडं बघत बसायचो. आता ह्याची आग आभाळात. मग माणसानं बघायचं कुठं? एकमेकांच्या तोंडाकडं तरी किती बघायचं? लई अवघडल्यासारखं हुतं.”

ते निघून गेले. मंगल माझी कळ बंद करावयास आली होती. तिचा हात कळीवर होता. पण तिने ती बराच वेळ फिरवली नाही.

मीही विचार करू लागलो. कुंडलिकरावांनी चौतीस वर्षे रस्त्याकडे पाहत संभाषण केले होते. बोलणारी माणसे त्यांच्या पाठीमागे असत. समोर असे ती वळणावळणाची वाट. निवृत्तीनंतर वाटेच्या जागी शेकोटी आली. त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसलेल्या माणसांशी बोलावयाचा त्यांना सरावच नव्हता. आणि खोकल्याची उबळ? शेकोटीपाशी सगळेच खोकत. कोणाचा खोकला कोणता, हे कोण मोजणार? माझ्या स्वच्छ उबेत मात्र एकाच माणसाला खोकला येत होता आणि तो सर्वांना ऐकू येत होता. उणेपणा माझ्या उष्णतेत नव्हता. मी सगळ्यांना ऊब दिली होती आणि त्यांच्या मधली जागा रिकामी ठेवली होती.

रविवार उजाडला. भातखाचरांत भाताच्या मागून टाकलेला पावटा भरात आला होता. मंगलने दुपारभर खाचरात राबून दोन पाट्या शेंगा आणल्या. सायंकाळी तिने मला कोपऱ्याशी पेटवले, मधोमध गोणपाट अंथरले आणि शेंगांचा ढीग ओतला. दारावरचा दिवा लावला. कोणालाही हाक मारली नाही. खिडकीकडे तर पाहिलेसुद्धा नाही.

“आत्याबाई, चला. उद्याच्याला सोलायच्यात.”

“एवढ्या? भाजी करायचीया का गावजेवण घालायचंय?” असे म्हणत अंबूबाई बसल्या. पाठोपाठ हनुमंत आले आणि त्यांनीही एक ओंजळ पुढे ओढली. शेंगा फुटू लागल्या. आज कोणीही अवघडलेले नव्हते.

खिडकीचे दार किलकिले झाले.

“अक्का, किडकी शेंग चांगल्यात टाकतीस.”

“मला न्हाई दिसत.”

“मगाधरनं तीन टाकल्यास. चौथी बघ, चौथी!”

“चांगल्या डोळ्याचा हायेस, तर ये की हितं. तितनं काय हारन वाजवतूस?”

कुंडलिकराव बाहेर आले. गोणपाटाच्या कडेला बसले. अंबूबाईंच्या पुढची ओंजळ त्यांनी स्वतःकडे ओढली, किडक्या शेंगा वेचून बाजूला टाकल्या आणि एक शेंग अंगठ्याने फोडली. मग दुसरी. मग दहावी. त्यांची नजर शेंगांवर होती. इतरांचीही.

“घाटात एकदा असंच झालं हुतं,” ते कोणाकडेही न पाहता म्हणाले. “डोळ्यानं दगा दिल्ता.”

कोणीही मान वर केली नाही. मंगलची बोटे तेवढी क्षणभर थबकली आणि पुन्हा चालू लागली.

“सरावणाचा महिना. वरंध्यात धुकं असं, की गाडीचं नाक दिसंना. माझा कंडक्टर म्हणला, म्या फुडं चालतो, पाठीवर पांढरा टावेल टाकतो, तुमी टावेल बघून या. तसं निघालो. त्यो फुडं, म्या मागं, पयल्या गेरवर. टावेल डावीकडं, म्या डावीकडं. टावेल उजवीकडं, म्या उजवीकडं. पंधरा मिण्टं चाललो. मंग टावेल लागला जोरात चालायला. म्या म्हणलं, ह्याला घाई कशाची झाली? त्यो वळला, म्या बी वळलो. अन्…”

तेवढ्यात खोकला आला. शनिवारच्यापेक्षा मोठा. माझी ज्योत नकळत थरथरली. आता सहा माना वळणार, आता दार लागणार.

पण शेंगा फुटत राहिल्या. हनुमंतांनी टरफले बाजूला सारली. सोमनाथ अर्धवट उठू लागला, तर मंगलने त्याच्या पुढ्यात आणखी शेंगा ओतल्या आणि तो खाली बसला. अंबूबाईंनी मान न उचलता, डाव्या हाताने, पाण्याचा तांब्या तेवढा दोन वीत पुढे सरकवला.

कुंडलिकरावांनी खोकून घेतले. तांब्यातून दोन घोट प्याले. शेंग उचलली.

“…अन् टावेल हंबरला!”

हनुमंतांच्या हातातली ओंजळ सांडली.

“बैल हुता, पांढरा! कुणाचातरी चुकलेला बैल घरला चाल्ला हुता, अन् म्या चाळीस पाशिंजर घेऊन त्याच्या मागं! त्याच्या गोठ्याच्या तोंडाशी गाडी उभी केली म्या. मागनं कंडक्टर बोंबलत येतोय, ‘कुंडलिकराव, तिकडं न्हाई, तिकडं न्हाई!’ घरची म्हातारी कंदील घिऊन भाईर आली, म्हणती, ‘आमी बैल धाडला हुता, एसटी न्हाई!’”

खळ्यावर जे हसू उसळले, ते ऐकून शेजारची दोन घरे उठून आली. त्यांनीही आल्या आल्या शेंगा पुढे ओढल्या. मंगल टेम्पोआड जाऊन फोनवर बोलली. तिचे बोलणे मला स्पष्ट ऐकू आले.

“जगनदादा, आबा बसलेत.”

पलीकडून त्याने काहीतरी विचारले असावे.

“किती येळ ते कसं सांगू? अजून उठलेच न्हाईत.”

असा मी विंझरचा झालो.

आता माघ सुरू आहे. दिवसभर मी गोणपाट पांघरून उभा असतो. कोंबडी अजूनही डब्यावर बसते आणि आता तिला कोणी हाकलत नाही. पावटा संपला. मागोमाग हरभऱ्याचे घाटे आले, तेही संपले. मग घरचे तांदूळ निवडावयास सुरुवात झाली. सुपांभोवती माणसे बसतात, खडे आणि साळीचे दाणे वेचतात आणि कुंडलिकराव बोलतात. चार दिवसांपूर्वी शेवटचे पोतेही निवडून झाले. आता पुढे काय, या विचाराने मी व्याकूळ झालो होतो.

परवा दुपारी मी एक नवल पाहिले. घरात कोणी नव्हते. मंगलने स्वच्छ तांदळांचे सूप ओट्यावर आणले. कनवटीची पुरचुंडी सोडली. त्यात खडे होते, साळीचे दाणे होते; वेचून काढलेले सगळे तिने जपून ठेवले होते. तिने ते मुठीत घेतले, तांदळांवर पसरले आणि सूप हलवून नीट मिसळले. झालेले काम कोणी मोडावे आणि तेही इतक्या काळजीने, हे यंत्राच्या बुद्धीला सहजासहजी उमगत नाही. सायंकाळी तेच सूप मधोमध आले, तेव्हा मला उमगले.

काल कुंडलिकरावांच्या बोटांना एक तांबडा खडा लागला. त्यांनी तो माझ्या उजेडाकडे धरला, फिरवून पाहिला.

“हनुमंता,” ते म्हणाले, “ह्यो खडा म्या मागं एकदा काढला हुता.”

सुपाभोवतीचे हात थांबले. मंगलने खाली घातलेली मान आणखी खाली घातली. कुंडलिकराव खड्याकडेच पाहत होते, सुनेकडे नव्हे. मग त्यांनी तो हलकेच सुपाबाहेर ठेवला, टोपी मागे सारली आणि दुसरा खडा शोधू लागले.

“तर, काय सांगत हुतो म्या… महाडच्या स्टँडावर…”

वाचकहो, आता सोमनाथ कळ फिरवावयास येईल. म्हणून आपला निरोप घेतो. थंडीत कधी विंझरच्या वाटेने आलात, तर खळ्यावर अवश्य या. जागा आहे, ऊब सहा पावलांपर्यंत पोहोचते. विनंती एकच : कुंडलिकरावांना खोकला आला, तर मान वर करू नका. सुपात हात घाला आणि निवडत राहा. खडे पुरेसे आहेत. त्यांची सोय दुपारीच झालेली असते.